सही आहे, आत मजकूर आहे, पण पानं बंद आहेत. कापू का?

कोरंपान

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. आज पहिल्यांदाच धागा काढते आहे, कारण ही गोष्ट एकटीने ठरवायला धीर होत नाहीये.

मी अशी पुस्तकं जमवते जी वाचायचीही असतात आणि वस्तू म्हणून हातात घेऊन बघायचीही. खोक्यातली सुटी पानं, पंख्यासारखी उलगडत जाणारी घडी, खिडक्या पाडलेले कागद. बहुतेक सगळी मोजक्या प्रतींत निघालेली, आणि जमेल तिथे करणाऱ्याच्या हातची सही असलेली. अकरा वर्षांत एकेचाळीस झाली आहेत. यातलं प्रत्येक मी पूर्ण वाचलंय, वाचता येईल तितकं.

मागच्या महिन्यात बेचाळिसावं आलं. चोवीस पानं. प्रत्येक पान म्हणजे मधोमध दुमडलेला एक पातळ कागद. घडी बाहेरच्या कडेला आहे आणि दोन्ही मोकळी टोकं कण्यात शिवलेली, म्हणजे प्रत्येक पान एखाद्या पाकिटासारखं आतून पोकळ. बाहेरच्या बाजूला फिकट राखाडी शाईत तुटक रेघा आहेत, अर्थ न लागणाऱ्या. मधूनच टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, आणि त्यातून आतला लाल रंग दिसतो. वरच्या कडेने पान किंचित फुगवून डोकावलं तर आत अक्षरांचे तुकडे दिसतात. मला ती उलटी वाटली, पण मी तिरकं बघत होते, त्यामुळे खात्री नाही.

शेवटच्या पानावर श्रेयनोंद. खाली पेन्सिलने १७/६० (साठ प्रतींतली सतरावी) आणि सही. 'पानं कापा' असं कुठेच लिहिलेलं नाही, 'कापू नका' असंही नाही. करणारी व्यक्ती आता हयात नाही, त्यामुळे विचारायची सोय नाही. विकणाऱ्याने वर्णनात फक्त एवढंच लिहिलं होतं: 'न उघडलेली, निर्दोष'.

कापलं तर वाचता येईल, पण 'न उघडलेली' कायमची जाईल. नाही कापलं तर माझ्याकडे असं एक पुस्तक असेल जे मी कधीच वाचणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

तिसरीप्रत

हात आवरा. कापू नका.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो, कारण विकणारेही यात गल्लत करतात. 'न उघडलेली' म्हणजे घड्या शाबूत, आतली पानं अजून फाडलेली नाहीत. 'न कातरलेली' म्हणजे पानांच्या कडा यंत्रावर सरळ केलेल्या नाहीत, तशाच खडबडीत ठेवल्या आहेत. पूर्वी वाचक पुस्तक घरी आणून कागदी सुरीने पानं उघडत असे, त्यामुळे जुन्या पुस्तकात घडी शाबूत असणं म्हणजे फक्त कुणी वाचलं नाही इतकंच. तिथे मी बिनदिक्कत कापा म्हटलं असतं. तुमचं तसं दिसत नाही. घडीच्या बाहेर छपाई आहे, भोकं आहेत. कुणीतरी घडी आहे असं धरूनच हे पान आखलंय.

निळीशाई

मी विरुद्ध बाजूने लिहितो. ज्या पुस्तकाच्या आत मजकूर छापला आहे ते वाचायला दिलेलं आहे. आपल्या या छंदातली अर्धी पुस्तकं तर वाचकाने काहीतरी केल्याशिवाय पूर्णच होत नाहीत.

रेमों केनोचं १९६१चं पुस्तक घ्या. दहा सुनीतं, प्रत्येकाच्या चौदा ओळींच्या चौदा पट्ट्या. कुठलीही पट्टी उलटा, नवी कविता तयार. दहाचा चौदावा घात, म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी कविता. मिनिटाला एक अशा रात्रंदिवस वाचल्या तरी १९ कोटी वर्षं लागतील. पट्ट्या हलवल्याच नाहीत तर हातात राहतात फक्त दहा. बी. एस. जॉन्सन यांची १९६९ची कादंबरी खोक्यात येते, २७ सुटे भाग. पहिला आणि शेवटचा ठरलेला, मधले २५ तुम्ही पिसायचे. ते क्रमाने जपून ठेवणाऱ्याने ती कादंबरी वाचलीच नाही असं माझं मत आहे.

सोनिया डेलॉने आणि ब्लेझ सांद्रार यांचं १९१३चं घडीचं पुस्तक उलगडलं की जवळपास दोन मीटर लांब होतं. १५० प्रती काढायचा बेत होता, कारण त्या एकाखाली एक जोडल्या की आयफेल टॉवरची उंची भरते. करणाऱ्यांच्या डोक्यात उलगडणं होतं, मिटून ठेवणं नव्हतं.

नवखी

धागा वाचून उत्साह आला, पण एक मूळ प्रश्न. मी नुकतीच सुरुवात केली आहे, सहा-सात पुस्तकं आहेत, सही एकाच्यावरही नाही. सही इतकी महत्त्वाची का? पुस्तक तर तेच राहतं ना?

तिसरीप्रत

नवखी, प्रश्न रास्त आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण तीस वर्षांत माझं उत्तर दोनदा बदललंय.

सुरुवातीला मला सही म्हणजे पुरावा वाटायची. लॉरेन्स स्टर्न यांनी त्यांच्या नऊ खंडी कादंबरीच्या पाचव्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीवर स्वतः सही केली, पुढे सातव्या आणि नवव्या खंडावरही. काळ १७६०च्या दशकाचा. बनावट खंड बाजारात आले होते, म्हणून. हजारो सह्या, एकट्याच्या हाताने. पण याच कादंबरीच्या तिसऱ्या खंडात, १७६१ साली, त्यांनी एक पान असं घातलं आहे ज्यावर अबरीचा, म्हणजे संगमरवरासारख्या नक्षीचा रंगीत कागद आहे, हाताने केलेला. प्रत्येक प्रतीतला वेगळा. आता विचार करा, पाचव्या खंडात सगळीकडे तेच नाव, आणि तिसऱ्या खंडातलं ते पान जगात एकमेव. मग हाताची खूण नेमकी कुठली? मला तर अबरीचं ते पान सहीपेक्षा जास्त सही वाटतं.

मग मधली काही वर्षं मी आकड्यांच्या मागे लागलो. जॉइस यांच्या 'युलिसिस'च्या १९२२च्या पहिल्या आवृत्तीच्या १००० प्रती, त्यातल्या १०० डच हातकागदावर आणि फक्त त्यांवर सही. १९३५ साली त्याच पुस्तकाची अमेरिकन मर्यादित आवृत्ती निघाली, मातिस यांच्या चित्रांसह, १५०० प्रती. सगळ्यांवर मातिस यांची सही, आणि २५० वर जॉइस यांचीही. मातिस यांनी चित्रं काढली ती होमरच्या ओडिसीवरून. म्हणजे एकाच पानावर दोन सह्या, आणि दोघांच्या मनात दोन वेगळी पुस्तकं! ही जोडी मला विलक्षण वाटते. पण तिथे सही पुस्तकाचा भाग नाही. ती वरून चढवलेली आहे, किंमत वाढवायला.

आणि एड रुशे. पेट्रोलपंपांच्या २६ छायाचित्रांचं त्यांचं छोटं पुस्तक, आत साल १९६२ छापलेलं. पहिली आवृत्ती ४०० प्रतींची, क्रमांक घातलेली. नंतर त्यांनी मुलाखतीत सांगितलं की क्रमांक घालणं ही चूकच झाली. त्यांना साधं, भरपूर छापलेलं, कुणालाही घेता येईल असं पुस्तक हवं होतं. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी क्रमांक सोडले आणि १९६९ची तिसरी आवृत्ती ३००० प्रतींची काढली. माझ्याकडे त्यांचं एकही नाही, पण क्रमांकवाल्या प्रतीपेक्षा तिसऱ्या आवृत्तीची प्रत मिळाली तर मला जास्त आनंद होईल, कारण ती त्यांच्या म्हणण्याशी इमान राखते.

आता माझं उत्तर असं आहे: सही पुस्तक घडण्याच्या कामातली एक पायरी असेल तर ती हवी. नुसती शेवटी मारलेली मोहोर असेल तर नसली तरी चालेल.

नवखी

हे छापून भिंतीवर लावते. म्हणजे कोरंपान ताईंच्या पुस्तकातली सही कुठली, पायरी की मोहोर?

तिसरीप्रत

ते वर्णनावरून कळणार नाही. एक मात्र तपासाच. सही असलेलं पान वेगळं सही करून आणून नंतर चिकटवलंय का? हल्ली मोठ्या आवृत्त्यांत सर्रास असंच होतं. सुटे कागद लेखकाकडे जातात, सह्या होऊन छापखान्यात परत येतात, बांधणीत घातले जातात. यात फसवणूक काही नाही, पण लेखकाने ते पुस्तक हातातसुद्धा धरलेलं नसतं. मी एकदा 'लेखकाच्या सहीची प्रत' म्हणून घेतली, आणि घरी येऊन बघतो तर सही एका चिकटपट्टीवर, पट्टी पुठ्ठ्याच्या आत डकवलेली. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, सही आहे ना? होती. पण त्या पुस्तकाला हात लागला होता तो डकवणाऱ्याचा.

आणि यंत्राच्या सह्या वेगळ्याच. २०२२ साली बॉब डिलन यांच्या एका पुस्तकाच्या ९०० सहीच्या प्रती विकल्या गेल्या, घेणाऱ्यांनी आपापले फोटो एकमेकांशी ताडून पाहिले, आणि सह्या यंत्राने केल्याचं उघड झालं. पैसे परत द्यावे लागले, डिलन यांनी चूक कबूल केली. हाताची सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. दोन प्रती एकावर एक ठेवून बघता आल्या की संपला विषय.

शिवणटाके

मी पुस्तकबांधणी करते, त्यामुळे माझा डोळा आधी घडीवर गेला.

ताई, तुम्ही वर्णन केलेली रचना नवी नाही. चीन-जपानच्या जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत कागद एकाच बाजूला छापत, छापलेली बाजू बाहेर ठेवून मधे दुमडत, आणि मोकळी टोकं शिवत. आतली बाजू कोरी. ती घडी कधीच कापायची नसते. ही रीत माहीत नसलेले लोक पानं उघडायची राहिली असं समजून कापतात. असं कापलेलं एक पुस्तक माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. घडी पुन्हा जोडायला पातळ कागदाच्या पट्ट्या लावत बसले होते, पानामागून पान. काम झालं, पण पान पूर्वीसारखं पडत नाही ते नाहीच.

तुमच्या पुस्तकात फरक एवढाच की आतली बाजू कोरी नाही. म्हणून निळीशाईंचं म्हणणं मला पटतं आणि पटत नाही. आत छापलं आहे हे खरं. पण ते 'कापून वाचा' म्हणून छापलंय हे कशावरून?

दोन गोष्टी करून बघा, दोन्हीत काही बिघडत नाही. एक, बाहेरच्या घडीवर बोट फिरवा. कापायची घडी असेल तर पुष्कळदा करणारा ती हाडाच्या पट्टीने कडक दाबून ठेवतो, किंवा बारीक छिद्रं मारतो. घडी मऊ, गोलसर असेल तर ती तशीच राहायची आहे. दोन, घडीच्या पोकळीत नाही, पानाच्या मागे उजेड ठेवा. मी कागदाचे धागे कुठल्या दिशेने आहेत ते असंच बघते. पातळ कागद उजेडात खूप काही सांगतो.

निळीशाई

शिवणटाके, तुमचा मुद्दा मान्य. तरीही मला काळजी वेगळीच वाटते. न हात लावता जपणं हे नेहमी जपणं नसतं.

वॉरहोल यांचं १९६७चं ते उघडताच चित्रं उभी राहणारं पुस्तक आठवा. आत एक फुगा आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं मिटून ठेवलं त्यांच्या प्रतीत फुग्याचं रबर वितळून दोन्हीकडच्या पानांना चिकटलंय. द्यूशां यांनी १९४७च्या एका प्रदर्शनाच्या पुस्तकाला फोमचा उठाव लावला आणि मागच्या बाजूला लिहिलं, स्पर्श करा. आज तो फोम पिवळा पडून कडक झालाय, आता कुणी हात लावू देत नाही. आणि १९९२चं 'अग्रिप्पा', विल्यम गिब्सन यांची कविता फ्लॉपीवर. एकदा चालवली की ती फ्लॉपी स्वतःच कविता कुलूपबंद करून टाकते. न चालवलेली फ्लॉपी एखाद्याकडे असेल तर त्याने काय जपलंय? न वाचलेली कविता. मला त्याचा हेवा वाटत नाही.

धूळझटक

ग्रंथसंग्रहात काम करते, जतनाच्या विभागात. कापावं की नाही यात मी पडत नाही, ते मालकाचं आहे. पण ठरेपर्यंत आणि ठरल्यावर काय काळजी घ्यायची ते लिहिते.

पेन्सिलची सही ही चांगली बातमी. ग्राफाइट उजेडाने उडत नाही, पाण्याने पसरत नाही. वाईट एवढंच की ते घासलं जातं. समोरच्या पानावर राखाडी सावली उमटते. मधे आम्लरहित पातळ कागद ठेवा, नुसता ठेवा, चिकटवू नका. आणि त्या पानाला खोडरबर कधीही दाखवू नका, शेजारचा डाग कितीही खुपला तरी. सही मार्करची असती तर मी जास्त घाबरले असते. बऱ्याच मार्करची शाई उजेडात फिकट होते आणि काहींची कागदाच्या मागच्या बाजूला उतरते.

हातमोजे घालू नका. सिनेमात दिसतात ते पांढरे सुती मोजे कागदासाठी वाईटच, बोटांची जाण जाते आणि पानाची कड अडकून फाटते. हात धुवून, पूर्ण कोरडे करून, हातानेच हाताळा. मोजे फक्त छायाचित्रं किंवा धातू असेल तिथे.

हवा ४० ते ५० टक्के आर्द्रतेची, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दर दिवशी वरखाली न होणारी. पारदर्शक पाकीट हवं असेल तर पॉलिस्टरचं. पीव्हीसीचं नको, त्यातून सुटणारी द्रव्यं कागद आणि शाई दोन्ही खराब करतात. डांबरगोळ्या नकोत.

आणखी एक, जे जमवणारे विसरतात. विचित्र पुस्तकं शेजाऱ्याला इजा करतात. गी दबोर आणि आस्गर यॉर्न यांनी १९५९ साली एका पुस्तकाला सँडपेपरचं वेष्टन केलं, कपाटातल्या बाजूच्या पुस्तकांचे पुठ्ठे खरवडले जावेत म्हणून. तो हेतू अजूनही पूर्ण होतो! १९२७चं देपेरो यांचं बोल्ट मारलेलं पुस्तक असंच, धातूचे दोन मोठे बोल्ट शेजारच्या पुस्तकात रुततात. अशा प्रत्येकाला स्वतःचा खोका. कोरंपान, एकेचाळीसमध्ये असं काही आहे का?

आता, कापायचंच ठरलं तर. धारदार पातं नको, ते घडी सोडून पानात घुसतं. बोथट, पातळ, लाकडाची किंवा हाडाची पट्टी घ्या. घडी आधी नखाने नाही, पट्टीने दाबून घ्या. मग पट्टी आडवी धरून, घडीच्या आत ठेवून, छोट्या छोट्या हालचालींनी बाहेरच्या दिशेला. एका झटक्यात ओढू नका. आणि दिवसाला दोनच पानं. थकलेला हात चुकतो.

कोरंपान

सगळ्यांचे मनापासून आभार. धूळझटक, हो, पत्र्याच्या पुठ्ठ्याचं एक आहे, त्याला आजच वेगळा खोका केला.

शिवणटाके ताई, घडीवर बोट फिरवलं. मऊ आहे. गोल आहे. छिद्रं नाहीत. उजेडाचं उद्या बघते, त्यासाठी पातळ दिव्याची पाटी मागवली आहे, चित्रं गिरवायला वापरतात ती.

नवखी

तोवर माझा एक उपप्रश्न. सही असलेलं पुस्तक मिळवायचं तर सुरुवात कुठून?

तिसरीप्रत

करणाऱ्याकडून. अशा पुस्तकांच्या जत्रा भरतात, तिथे टेबलामागे पुष्कळदा स्वतः करणारी माणसंच बसलेली असतात. पुस्तक आधी हातात घ्या, उलगडा, प्रश्न विचारा, मग सही मागा. तुमचं नाव घालून करून घ्या, बाजारात भाव कमी झाला तरी चालेल. 'कलाकार प्रत' असं लिहिलेल्या प्रती असतात, क्रमांकाबाहेरच्या, त्यात कधी कधी छपाईच्या वेळचे छोटे बदल सापडतात. त्या मिळाल्या तर सोडू नका. आणि पहिल्या दोन वर्षांत महाग काही घेऊ नका, डोळा तयार व्हायला वेळ लागतो.

शिवणटाके

यात एक भर. एक पुस्तक स्वतः बांधून बघा. आठ कागद दुमडून जुजबंदी (दोऱ्याने शिवलेली बांधणी) करा, कशीही होवो. त्यानंतर दुसऱ्याचं पुस्तक हातात घेताना कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

कोरंपान

मंडळी, हात थरथरतोय, पण सगळं क्रमाने लिहिते.

काल रात्री खोलीतले दिवे बंद केले. पाटी लावली, सगळ्यात मंद उजेडावर. पहिलं पान तिच्यावर उभं टेकवलं. बाहेरच्या राखाडी रेघा होत्या तशाच दिसल्या, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आतल्या लाल रेघा उतरून आल्या. राखाडी अर्धं अक्षर, लाल अर्धं अक्षर. दोन्ही मिळून एक शब्द झाला. सरळ, स्वच्छ, वाचता येण्यासारखा. 'दुमडणे' या अर्थाचं एक क्रियापद.

वरून डोकावल्यावर अक्षरं उलटी वाटली होती ना, ती उलटी नाहीत, पानाच्या मागच्या थरावर आतल्या बाजूने सुलटीच छापलेली आहेत. कागदाच्या मागून उजेड आला की पुढच्या थरातून ती दिसावीत म्हणून. मी घडी कापली असती तर एका पानावर लाल रंगाचे तुकडे आले असते, आणि राखाडी तुकडे दुसऱ्या पानावर राहिले असते. शब्द कुठेच नसता.

टाचणीएवढी भोकं म्हणजे जुळणीच्या खुणा असाव्यात असं मला वाटतं. आतला लाल रंग भोकाच्या बरोब्बर मध्यावर आला की अक्षर बसतं. तीन पानांवर तो किंचित सरकलाय, तिथे अक्षरंही किंचित फाटली आहेत.

तेवीस पानांवर तेवीस क्रियापदं. सगळी हाताच्या कामाची. दुमडणे, दाबणे, टोचणे, ओढणे, गाठ मारणे. हे पुस्तक कसं बांधलं तेच त्यात लिहिलं आहे.

चोविसाव्यावर, श्रेयनोंदीच्या पानावर, शब्द नाही. उजेडात तिथे एकच आडवी लाल रेघ दिसली, घडीच्या आतल्या बाजूला छापलेली, बाहेरून अजिबात न दिसणारी. आणि पेन्सिलची सही त्या रेघेवर बसली आहे. सुरुवातीची अक्षरं अगदी टेकलेली, शेवटाकडे कण्याजवळ जिथे कागद वळतो तिथे शेवटचा फटकारा रेघेच्या खाली घसरलाय.

शिवणटाके

ताई, थांबा. बाहेरून न दिसणाऱ्या रेघेवर सही बसायची असेल तर सही करताना पानामागे उजेड हवा. म्हणजे त्या व्यक्तीने हे पुस्तक उजेडावर ठेवून सही केली.

आणि शेवटचा फटकारा कण्याजवळ घसरलाय म्हणता, तर ते पान तेव्हा शिवलेलं होतं. सुटा कागद सपाट असतो, त्यावर हात असा घसरायचं कारण नाही. एक तपासा. सहीच्या मागच्या पदरावर, म्हणजे घडीच्या दुसऱ्या थरावर, पेन्सिलचा दाब उमटलाय का? तिरका उजेड टाकून बघा.

कोरंपान

बघितलं. उमटलाय. मागच्या थरावर अगदी हलका, पण बोटाला लागतो. १७ मधल्या सातच्या टोकाला सगळ्यात जास्त.

तिसरीप्रत

नवखी, मिळालं उत्तर. पायरी आहे. चोविसावं क्रियापद पेन्सिलने लिहिलंय.

कोरंपान, 'कापू नका' म्हणालो तेव्हा माझ्या मनात बाजारभावच जास्त होता, हे इथे लिहिलं पाहिजे. हे मला सुचलं नव्हतं.

निळीशाई

मी तर कापा म्हणालो होतो. ताई, तुम्ही माझं ऐकलं नाहीत याचं मला फार बरं वाटतंय. साठ प्रतींपैकी किती जणांनी माझ्यासारखा विचार केला असेल कोण जाणे.

धूळझटक

फार सुंदर. आता नियम: पाटी थंड दिव्याचीच, तीही एका वेळी काही मिनिटं. तो लाल रंग कुठल्या शाईचा आहे माहीत नाही, लाल शाया पुष्कळदा उजेडात लवकर उतरतात. दरवर्षी एकदा, पूर्ण वाचा, मिटून ठेवा. खोक्यात एक चिठ्ठी घाला: कापू नये, उजेडावर धरून वाचावे. पेन्सिलने लिहा. तुमच्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याला कळायला हवं.

कोरंपान

चिठ्ठी आत्ताच लिहिली. तारीखही घातली.

तिसरीप्रत काका, तुमच्याकडे घडीची, पातळ कागदाची अशी आणखी पुस्तकं असतील ना? कधी उजेडावर धरून बघितलीत?

तिसरीप्रत

सात आहेत. एकही नाही. पाटी कुठल्या मापाची घेतलीत?